सेस्ना १७२ : एन, पी, आर, एस सगळी अक्षरं दिसतात, मग ‘जे’ कुठे गेलं?

आकाशवेडी

नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीचं सीपीएलचं (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सचं) ट्रेनिंग सुरू झालंय, आपल्याच महाराष्ट्रात, आणि तिच्यामुळे मला सेस्ना कंपनीच्या १७२ ह्या छोट्या विमानाचं असं वेड लागलंय की रात्री बसून जुने फोटो शोधत असते. तिच्याकडे १७२एस आहे (शेवटचं अक्षर म्हणजे मॉडेल), गार्मिन कंपनीचे मोठे स्क्रीन असलेलं. पण तिचे इन्स्ट्रक्टर सर एन आणि पी वर शिकलेत आणि ते म्हणतात बाहेरून सारखं दिसलं तरी आतल्या सवयी वेगळ्या. मी १९५६ च्या पहिल्या १७२ चा फोटो आणि आत्ताच्या एस चा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितला, पंख वर, खाली तिरका स्ट्रट (आधाराचा दांडा), तीन चाकं, चार सीट, म्हणजे मूळ ठेवण तीच की! मग इतक्या वर्षांत नक्की बदललं काय, आणि एकच नाव इतकी वर्षं कसं काय चालतं? आणि अक्षरांची यादी करताना लक्षात आलं की आय नंतर एकदम के येतं, जे नावाचं १७२ कुठे सापडतच नाही. कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मी सगळं वाचणार आहे.

विचिटाकर

ताई, मी कॅन्ससमध्ये राहतो, विमानांच्याच कामात आहे, त्यामुळे हा विषय इथे अगदी घरचा आहे. आधी ‘जे’ चं सांगतो कारण सगळ्या गोष्टीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट तीच आहे.

१९६८ साली १७२ बंदच होणार होतं! सेस्नाने एक पूर्ण नवीन विमान डिझाइन केलं होतं, पंखाला स्ट्रट नाही, मोठे रुंद दरवाजे, पायलट पंखाच्या पुढच्या कडेच्याही पुढे बसणार म्हणजे वळताना पंख नजरेच्या आड येत नाही, दिसायला इतकं देखणं की आजही एअरपोर्टवर उभं असेल तर मी थांबून बघतो. ह्या नव्या विमानाचं नाव ठेवायचं होतं १७२जे. म्हणजे जुनं १७२ जाणार आणि नवं त्याच नावाने त्याच्या जागी येणार. पण कंपनीच्या विक्रीवाल्यांना धीर होईना, की खपणारं विमान असं एकदम बंद कसं करायचं, म्हणून १७२ चालूच ठेवलं आणि नव्याला वेगळा नंबर दिला, १७७ कार्डिनल. तेच तुमचं हरवलेलं जे.

आणि विक्रीवाल्यांची भीती खरी ठरली. पहिल्या वर्षीच्या कार्डिनलला १५० एचपीचं इंजिन होतं, ते त्या वजनाला कमी पडायचं, आणि शेपटीचं आडवं पातं अख्खंच्या अख्खं हलणारं होतं, ते लँडिंगच्या वेळी नाक वर ओढताना कधीकधी स्टॉल व्हायचं (हवेवरची पकड सुटायची) आणि नाक धाडकन खाली. सेस्नाने पुढे त्या पात्याला स्लॉट पाडून दिले, पुढच्या वर्षी १८० एचपीचं इंजिन टाकलं, विमान खरंच चांगलं झालं, पण नाव खराब व्हायचं ते झालंच होतं. १९७८ ला कार्डिनल बंद. १७२ मात्र चालू.

आता एकच नाव इतकी वर्षं का, तर त्याचं कारण कागदात आहे. पहिल्या १७२ पासून आजच्या एस पर्यंत सगळी विमानं एकाच टाइप सर्टिफिकेटवर (डिझाइनच्या सरकारी मंजुरीवर) आहेत, ३ए१२ त्याचा नंबर. नवीन विमान मंजूर करून घ्यायचं म्हणजे प्रचंड पैसा आणि वर्षानुवर्षं टेस्टिंग, त्यापेक्षा मंजूर विमानात एकेक बदल करून पुढचं अक्षर लावणं कितीतरी स्वस्त. मुळात हे १७० नावाच्या शेपटीला चाक असलेल्या विमानाचंच पोर आहे, पायपरच्या ट्राय-पेसरला नाकाखाली चाक होतं आणि ते नवख्यांना जमिनीवर सांभाळायला सोपं जायचं, तर सेस्नानेही १७० चं शेपटीचं चाक काढून नाकाखाली लावलं, जून १९५५ ला ते उडालं आणि १९५६ चं मॉडेल म्हणून विकायला आलं. मग १९६० ला शेपटीचं उभं पातं मागे झुकवलं ते निव्वळ दिसण्यासाठी, जेटचा जमाना होता ना. १९६३ ला मागची काच आली, त्याआधी मागे बघायची सोयच नव्हती. १९६५ ला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) विजेवर गेले, तोवर दोन सीटच्या मध्ये एक लांब दांडा असायचा तो हाताने ओढायचा. १९६८ ला कॉन्टिनेंटलचं सहा सिलिंडरचं इंजिन जाऊन लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं आलं, आणि १९७३ च्या एम मध्ये पंखाची पुढची कड थोडी खाली वळवली, त्याने हळू वेगात विमान अजून शांत वागायला लागलं.

स्पॅनरवाला

विचिटाकरांनी छान लिहिलंय. मी एएमई (विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर), आता रिटायर झालोय, पण हात काळे केलेत ते बरेचसे ह्याच विमानावर, म्हणून एन मॉडेलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९७७ ला एन आलं, त्यात १६० एचपीचं ओ-३२०-एच२एडी इंजिन. हे का आलं, तर ८० ऑक्टेनचं पेट्रोल मिळेनासं होत चाललं होतं आणि १०० ऑक्टेनवर नीट चालेल असं इंजिन हवं होतं. हेतू चांगलाच होता. पण ह्या इंजिनात व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट वेगळ्या आकाराचे होते आणि कॅमशाफ्ट (टॅपेट हलवणारा दांडा) आणि टॅपेट एकमेकांवर घासून पृष्ठभागाचे टवके उडायला लागले. त्यातून लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल खाली निथळून जातं, म्हणजे पावसाळ्यात महिनाभर हँगरात उभं राहिलेलं विमान म्हणजे कॅमवर गंज धरायला आमंत्रणच. पुढे टॅपेट मोठे केले, ऑइलमध्ये अॅडिटिव्ह आलं आणि बऱ्यापैकी सुधारलं, आणि रोज उडणाऱ्या एन ने वर्षानुवर्षं इमानाने काम केलंय हे मी स्वतः बघितलंय. अजून एक म्हणजे त्यात दोन्ही मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं) एकाच डब्यात होते आणि फिरवणारा शाफ्टही एकच, मला ते कधीच पटलं नाही. दोन मॅग्नेटो असतात ते एक गेला तर दुसरा राहावा म्हणून, मग ते दोघं एका शाफ्टवर कशाला? १९८१ च्या पी मध्ये डी२जे इंजिन आलं, दोन वेगळे मॅग्नेटो, जुन्या पद्धतीचे टॅपेट, आणि आमची झोप परत आली.

आकाशवेडी

वा, मनापासून धन्यवाद दोघांनाही! जे ची गोष्ट मी लगेच बहिणीला फोन करून सांगितली. तिने एक विचारलंय, सर म्हणतात एन ला फ्लॅप ४० अंश होते आणि आता ३० च, ते कमी का केले? जास्त फ्लॅप म्हणजे अजून हळू उतरता येतं ना?

डाउनविंड

हो उतरता येतं, आणि ४० फ्लॅपवर विमान लिफ्टसारखं खाली येतं, छोट्या धावपट्टीवर फार उपयोगी. अडचण येते गो-अराउंडला. उतरता उतरता काही कारणाने परत वर जायचं ठरवलं तर ४० अंशांचा तो पडदा घेऊन इंजिन विमानाला वर नेता नेता मेटाकुटीला येतं, आणि घाबरून पायलटने फ्लॅप एकदम वर घेतले तर विमान खाली बसतं. पी मध्ये ३० केले त्यामुळे चढण सुधारली आणि त्याच हिशोबात वजनाची मर्यादा २,३०० वरून २,४०० पौंड करता आली. मी दोन्हीवर शिकवलंय. विद्यार्थ्यासाठी ३० च बरे असं माझं ठाम मत आहे.

एस वर शिकणाऱ्यांना जुनं विमान मिळालं की कुठे अडकायला होतं ते सांगतो. जुन्यात कार्ब्युरेटर आहे, म्हणजे त्यात बर्फ धरू शकतो, म्हणजे पॉवर कमी करताना कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढायचं. आर आणि एस मध्ये फ्युएल इंजेक्शन, तिथे तो नॉबच नाही. जुन्यात पेट्रोल पंखातून नुसतं खाली वाहत येतं, पंपच नाही, नवीनमध्ये पंप आहेत. आणि इंजेक्शनवाल्याचा त्रास कळतो तो एप्रिल-मे मध्ये, दुपारी एक उड्डाण करून इंजिन बंद केलं आणि पंधरा मिनिटांनी परत सुरू करायला गेलं की पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते, विद्यार्थी स्टार्टर मारत बसतो. तिला हॉट स्टार्टची प्रोसिजर आत्ताच तोंडपाठ करायला सांगा. सकाळी पेट्रोलचा नमुना काढायला तिला तेरा जागी वाकावं लागत असेल, जुन्याला त्या मोजक्याच होत्या. कंटाळा येतो पण पाणी कुठे साठलंय ते कळतं, एकही जागा सोडू नये.

पंखवारा

मला कुणी सांगेल का, पी १९८१ ला आलं आणि आर एकदम १९९६-९७ ला, मध्ये एवढा खड्डा का?

विचिटाकर

कारण १९८६ ला सेस्नाने १७२ बनवणंच थांबवलं. छोट्या विमानांचा खप आधीच पडला होता आणि त्यात अमेरिकेत कोर्टकज्जे इतके वाढले की तीस वर्षं जुनं, चार हातांतून गेलेलं विमान पडलं तरी बनवणाऱ्यावर दावा व्हायचा, त्यामुळे प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत विम्याचा मोठा बोजा यायचा. कंपनीने सांगितलं की कायदा बदला, आम्ही परत बनवू. १९९४ ला कायदा झाला, १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानाबद्दल सहसा बनवणाऱ्याला कोर्टात खेचता येणार नाही असा, आणि सेस्नाने शब्द पाळला, पण मूळच्या विचिटा शहरात नाही, इंडिपेंडन्स नावाच्या गावात नवीन कारखाना काढला. तिथून निघालं ते आर. माझ्या मते ७० वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच, कारण आर च्या वेळी त्यांनी बारीकसारीक सगळं परत तपासलं, मजबूत सीट, आतून गंजरोधक रंग, दोन व्हॅक्यूम पंप (काही उपकरणं चालवणारे). आर आणि एस चं इंजिन एकच आहे बरं का, आय-ओ-३६०, आर मध्ये २,४०० आरपीएमला १६० एचपी आणि एस मध्ये २,७०० ला १८०. आर मुद्दाम शांत ठेवलं होतं, आवाज कमी म्हणून. लोकांना जास्त ताकद हवी होती, म्हणून १९९८ ला एस आलं, आणि २००५ च्या सुमारास त्यात गार्मिनचं जी१००० (ते मोठे स्क्रीन) बसलं.

मध्ये डिझेल इंजिनाचंही एक आलं होतं, १५५ एचपी, जेट फ्युएलवर चालणारं, २०१७ ला मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. आपल्याकडे अॅव्हगॅसचे (ह्या विमानांच्या पेट्रोलचे) भाव आणि ते मिळवायची यातायात बघता ते टिकायला हवं होतं, मला मनापासून वाईट वाटलं.

पंखवारा

थँक्स! एका १७२ नेच ६४ दिवस न उतरता उडण्याचा विक्रम केलाय ना? लास वेगासला, डिसेंबर १९५८ ते फेब्रुवारी १९५९, दोन पायलट आळीपाळीने झोपायचे आणि खाली ट्रक धावायचा त्यातून पेट्रोल वर ओढायचे. ते विमान आता तिथल्याच एअरपोर्टवर टांगलेलं आहे. त्यात तेव्हाचं कॉन्टिनेंटल इंजिन होतं, तेसुद्धा काही कमी नव्हतं म्हणायचं.

स्पॅनरवाला

हो, आणि इतक्या तासांनंतर सिलिंडरमध्ये इतका कार्बन साठला होता की शेवटी विमान वर चढेना, म्हणून उतरले.

आकाशवेडी, बहिणीसाठी अजून एक. अक्षर कुठलंही असो, सीट पुढे घेतल्यावर ती रुळाच्या भोकात खरंच अडकली का ते अंगाने मागेपुढे जोर देऊन बघायचं, टेकऑफच्या आधी, दर वेळी. जुन्या सेस्नांमध्ये रूळ झिजले की चढताना सीट मागे सरकायची आणि पायलट नकळत योक (विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल) ओढून घ्यायचा, अपघात झालेत ह्याने, म्हणूनच ते रूळ तपासण्याचा वेगळा आदेश निघालेला आहे. आम्ही हँगरात पिन आणि भोकं मोजतो, पण शेवटचा धक्का तिने स्वतः द्यायचा.