मदत हवी आहे: यूएसबी दिवा सुडोने लागतो, क्रॉनमधून नाही

डेबियन 12 (लिनक्स), ब्लिंक-वन हा यूएसबीवरचा रंगीत दिवा. रात्रीचा बॅकअप फसला की लाल, झाला की हिरवा, एवढंच काम. 'ब्लिंकवन-टूल --रेड' ही कमांड सुडोने (रूटच्या हक्काने) दिली की लगेच पेटतो. बॅकअपच्या वेगळ्या युजरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) मात्र दिवा उघडता येत नाही. म्हणजे केबल, पोर्ट ठीक. परवानगीपाशी घोडं पेंड खातंय.

युदेव नियमात (उपकरण जोडलं की त्याच्या फाईलचे हक्क ठरवणारा नियम) आधी 'युॲक्सेस' टॅग होता. तो मशिनसमोर लॉगिन केलेल्यालाच हक्क देतो, क्रॉनला त्याचा उपयोग शून्य. म्हणून व्हेंडर आयडी 27बी8, ग्रुप प्लगदेव, मोड 0660 (फक्त मालक आणि ग्रुपला वाचन-लेखन) असा बदल केला, युजर ग्रुपमध्ये घातला, नियम रीलोड केले, दिवा काढून पुन्हा लावला. हिडरॉ-0 वर (कर्नलच्या एचआयडी ड्रायव्हरने दिलेली दिव्याची फाईल) आता ग्रुप बरोबर दिसतो. तरी तेच!

एसट्रेसमध्ये (प्रोग्राम कोणत्या फाईली उघडतो ते दाखवणारं साधन) दिसलं की टूल हिडरॉला हातच लावत नाही; बस-यूएसबीखालची फाईल उघडायला जातं आणि तिथे नकार मिळतो. बहुधा ते लिबयूएसबीवर (यूएसबी उपकरणाशी थेट बोलणारी लायब्ररी) बांधलंय आणि माझा नियम फक्त हिडरॉपुरता आहे.

आता 'यूएसबी' सबसिस्टमसाठी दुसरा नियम लिहावा, की टूलच हिडरॉवर कंपाइल करावं? लिबयूएसबी कर्नलचा ड्रायव्हर सोडवून घेतं, हे मला खटकतं. 0666 (सगळ्यांना वाचन-लेखन) सुचवू नका, मशिनवर इतरही युजर आहेत.