मदत हवी आहे: अर्थशास्त्राचे इंग्रजी शब्द आणि फॉर्मल लिखाण (तातडीचं)

दारव्हा_तूर
अर्थशास्त्राचे इंग्रजी शब्द शिकायचे आहेत, फॉर्मल लिहिता आलं पाह्यजे. याद्या पाठ करून राहिलो, पण वाक्यात टाकलं की चुकते. डिक्शनरीत एका शब्दाला पाच अर्थ. सोमवारी द्यायचं आहे. नीट सांगा कोणी.

लेखणी
कोणती परीक्षा? सोमवारी नेमकं काय द्यायचं आहे, निबंध की उत्तरपत्रिका?

वर्धा_अभ्यासिका
परीक्षा कोणतीही असो, याद्या बाजूला ठेवा. राज्याची आर्थिक पाहणी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही निघते, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. दोन्ही पीडीएफ शेजारी उघडा. शेतीच्या प्रकरणातला एक परिच्छेद मराठीत वाचा, स्वतः इंग्रजीत लिहा, मग मूळ इंग्रजीशी ताडून पाहा. शब्द एकटा उचलू नका, त्याच्यासोबत येणारं क्रियापद पण उचला. डेफिसिट, म्हणजे तूट, 'वाइडन' होते (वाढते) किंवा 'नॅरो' होते (कमी होते). इन्फ्लेशन, म्हणजे भाववाढीचा दर, 'ईज' होते (उतरते). आणि इन्फ्लेशन उतरलं म्हणजे भाव उतरले असं नाही, वाढीचा वेग कमी झाला एवढंच. भावच उतरले तर ते डिफ्लेशन. बहुतेक जण इथंच मार खातात. रोज एक परिच्छेद पुरे.

दारव्हा_तूर
परीक्षा नाही भाऊ. बँकेत पत्र द्यायचं आहे. आधीचं 'नॉट क्लिअर' लिहून परत आलं.

जमाखर्च_यवतमाळ
मग हे पहिलेच सांगायचं ना. कर्ज कोणाच्या नावानं? मशीनसाठी की मालासाठी? किती? उलाढाल किती दाखवली? पत्रातलं एखादं वाक्य टाका.

दारव्हा_तूर
शेतकरी उत्पादक कंपनी आहे, डाळ मिल टाकायची आहे. मशीनचे ३० लाख, तूर घ्यायला ३० लाख. उलाढाल वर्षाला १ कोटी २० लाख धरली. वाक्य असं होतं: 'वी वॉन्ट टू लेंड ६० लाख फ्रॉम युअर बँक, वुई विल गेट ३ पर्सेंट सबसिडी.'

नागपूर_ग्राहक
इंग्रजीत काहून? मराठीतच द्या. बँकांनी ग्राहकांचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवावे अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत.

जमाखर्च_यवतमाळ
@नागपूर_ग्राहक, ते खातं उघडायचे, पैसे भरायचे फॉर्म. कर्जाचा प्रस्ताव शाखेतून वरच्या कार्यालयात जातो, छाननीची टिपणं इंग्रजीत होतात. मराठी पत्राचं भाषांतर शाखेतला माणूस त्याच्या घाईत करणार.

@दारव्हा_तूर, त्या एका वाक्यात तीन गोष्टी बिघडल्या आहेत. 'लेंड' बँक करते, आपण 'बॉरो' करतो. पण पत्रात दोन्ही नको, 'वी आर अप्लाइंग फॉर' लिहा.

दुसरं, ६० लाख एकत्र मागू नका. मशीनला 'टर्म लोन', म्हणजे ठरलेल्या मुदतीत हप्त्यानं फेडायचं कर्ज. तुरीला 'वर्किंग कॅपिटल', म्हणजे खेळतं भांडवल; ते बहुधा 'कॅश क्रेडिट लिमिट' म्हणून मिळते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे काढायचे, भरायचे. तूर जानेवारी ते मार्चमध्ये येते, डाळ वर्षभर विकली जाते, तोवर पैसा मालात अडकतो. हेच कारण पत्रात लिहा. लहान उद्योगाला उलाढालीवरून हिशेब होतो: १ कोटी २० लाखाच्या २५ टक्के म्हणजे ३० लाख गरज. उलाढालीचे २० टक्के, म्हणजे २४ लाख, बँकेचे. उरलेले ५ टक्के, ६ लाख, कंपनीचे. याला 'मार्जिन' म्हणतात. इथं मार्जिन म्हणजे नफा नव्हे, स्वतःचा वाटा. तुम्ही पूर्ण ३० मागितले, म्हणून छाननी करणाऱ्याला काही कळलं नसणार. मशीनच्या कर्जातही मार्जिन लागतेच, टक्का शाखेत विचारा.

तिसरं, ३ टक्के ही 'सबसिडी' नाही, 'इंटरेस्ट सबव्हेन्शन', म्हणजे व्याजदरात सवलत आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून म्हणत असाल तर ती २ कोटीपर्यंतच्या कर्जावर, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि फक्त मशीन-इमारतीच्या टर्म लोनवर. तुरीच्या कर्जाला जोडू नका. व्याज १२ वरून ९ वर आलं तर ती '३ पर्सेंटेज पॉइंट'ची घट. '३ पर्सेंट' लिहिलं की अर्थ बदलतो, कारण टक्क्यांत ती घट २५ आहे.

अकोट_शेतकरी
तूर घेताना ओलावा मोजूनच घ्या. १२ टक्क्यांच्या वर गेली की हमीभाव केंद्र घेत नाही, तोच माल तुमच्या गळ्यात मारतील.

लेखणी
@अकोट_शेतकरी, धागा पत्राचा आहे, पण नोंद करून ठेवण्यासारखं आहे. पत्राची मांडणी सांगते. विषय एका ओळीत. पहिल्या परिच्छेदात मागणी, रक्कम, हेतू. दुसऱ्यात परतफेड कशातून. तिसऱ्यात सोबतच्या कागदांची यादी. 'डिअर सर' लिहिलं तर शेवटी 'युअर्स फेथफुली', नाव घेतलं तर 'युअर्स सिन्सियरली'. मुद्दल म्हणून 'प्रिन्सिपल' लिहाल तर स्पेलिंगच्या शेवटी पी-ए-एल. पी-एल-ई लिहिलं तर तत्त्व होते. 'काइंडली डू द नीडफुल' काढून टाका, काय करायचं तेच लिहा.

वर्धा_अभ्यासिका
तरी आर्थिक पाहणीचा सराव सोडू नका. हे एक पत्र निघेल, पुढचं अडेल.

जमाखर्च_यवतमाळ
आर्थिक पाहणीत 'हायपोथिकेशन' (माल आपल्याच ताब्यात ठेवून तारण देणं) शिकायला नाही मिळणार. बँकेचं मंजुरीपत्र वाचलं तर अशा कामाचे शब्द एका जागी मिळतात.

नागपूर_ग्राहक
मराठी पत्र द्या, सोबत इंग्रजी प्रत जोडा. हक्क काहून सोडायचा?

दारव्हा_तूर
असं चालते का? 'वी आर अप्लाइंग फॉर अ टर्म लोन फॉर द डाळ मिल मशिनरी अँड अ कॅश क्रेडिट लिमिट ऑफ रुपीज २४ लाख अगेन्स्ट प्लेज ऑफ तूर स्टॉक इन अवर गोडाउन.'

जमाखर्च_यवतमाळ
बरंच सुधारलं. 'प्लेज' काढा. माल तुमच्याच गोदामात, तुमच्याच ताब्यात राहते, म्हणून 'हायपोथिकेशन'. वखारीत ठेवून पावती बँकेला दिली तर 'प्लेज'. टर्म लोनची रक्कम मार्जिन वजा करून टाका. आणि मशीन बसून डाळ निघेपर्यंत हप्ता सुरू होऊ नये असं पाहिजे असेल तर 'मोरॅटोरियम' मागावा लागते, ते तुमच्या वाक्यात नाही. मिल चालू व्हायला किती महिने धरले?