मदत हवी आहे: गोवा ७०.३, समुद्रात सरळ पोहता येत नाहीये

गोव्याची हाफ आयर्नमॅन (७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन रेस) पहिल्यांदाच करतोय, मिरामारला. सायकलचे ९० आणि रनिंगचे २१.१ किमी जमतील असं वाटतंय, अडलंय ते स्विमिंगला. पूलमध्ये १.९ किमी ५२ मिनिटात होतं, पण मे महिन्यात तारकर्लीला समुद्रात तेवढंच अंतर पोहलो तर ६६ मिनिटं लागली, आणि घड्याळात बघतो तर २.३ किमी! म्हणजे दम कमी पडत नाहीये, मी वाकडा जातोय. कटऑफ ७० मिनिटांचा, म्हणजे तेवढ्यात पोहणं संपलं नाही तर रेसमधून बाहेर, त्यामुळे जाम टेन्शन आलंय.

श्वास फक्त उजवीकडून घेतो आणि सारखा डावीकडे सरकतो. दोन्हीकडून श्वास घेऊन बघितला, पण लाटेचं पाणी तोंडात गेलं की लय तुटते आणि मग ब्रेस्टस्ट्रोकवर येतो. सध्या पूलमध्ये डोळे मिटून आठ-दहा स्ट्रोक मारायची प्रॅक्टिस चालू आहे, थोडा फरक पडलाय, पण पूलमध्ये लाट कुठून आणणार.

मी पुण्यात असतो, आता पावसाळा, समुद्र बंद, आणि धरणात उतरायचं नाहीये, घरी तसा शब्द दिलाय. रेसआधी फार तर एक वीकेंड समुद्रावर मिळेल. गॉगल, फिटिंग वगैरे ठीक आहे, वेटसूट नाही.

ज्यांनी गोव्याची रेस केलीये त्यांनी प्लीज सांगा, लाटा असताना दिशा बघायला डोकं किती स्ट्रोकनंतर वर काढता, आणि फक्त पूलमध्ये राहून हे वाकडं जाणं कसं घालवलंत?