स्मिताची निवड

स्मिता पाटीलने १९८२ साली 'नमक हलाल'सारखा मसालापट केला म्हणजे तिची समांतर सिनेमावरची निष्ठा पातळ झाली, असं म्हणतात, ते काही पटलं नाही. त्याच वर्षी तिचा 'उंबरठा' हा समांतर सिनेमाही आला, तो का विसरायचा? त्यातली सुलभा वाईट नवऱ्याला कंटाळून घर सोडत नाही. घर चांगलं खातंपितं, नवरा वकील, लहान मुलगी. तरी तिला काम हवं असतं, आणि हे स्मिता कुठेही आवाज न चढवता दाखवते. शेवटी गाडीत बसलेली सुलभा आठवा. चेहऱ्यावर ना पश्चात्ताप, ना विजय. नट्यांना असा चेहरा कोरा ठेवणं फार जड जातं.

स्मिता दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची म्हणतात. मला तो किस्सा भारी आवडतो! 'भूमिका' आला तेव्हा ती जेमतेम २२ची, आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली.

राहिला खासगी आयुष्याचा मुद्दा. आधीच लग्न झालेल्या राज बब्बरशी तिने केलेल्या लग्नावरून तिच्या अभिनयाला गुण द्यायचे असतील तर मग नटांनाही तीच फूटपट्टी लावा की.