अप्रोच चार्टवरचा आकडा बरोबर वाचूनही विमान डोंगरावर कसं जातं?

प्रश्न (सीपीएल_विद्यार्थी): नॉन-प्रिसिजन अप्रोचच्या (उतरताना उंचीचं मार्गदर्शन करणारा सिग्नल नसलेल्या) चार्टवर नकाशाच्या भागात एक किमान उंची असते, खालच्या प्रोफाइलमध्ये (उतरणीच्या बाजूने काढलेल्या आकृतीत) दुसरीच. कंट्रोलरकडून ‘क्लिअर्ड फॉर अप्रोच’ (अप्रोच करायची परवानगी) मिळालं की यातली कुठली धरायची? आणि डीएमई (जमिनीवरच्या यंत्रापासूनचं अंतर दाखवणारं उपकरण) ४ म्हणजे धावपट्टी ४ मैलांवर, असं धरून चालतं का?

जुना_अल्टिमीटर: पहिल्या प्रश्नावर टीडब्ल्यूए ५१४ बघा. १ डिसेंबर १९७४, बोइंग ७२७, वॉशिंग्टनजवळचा डलेस विमानतळ. प्रोफाइल राउंड हिल या फिक्सपासून (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूपासून) सुरू होत होतं आणि तिथे आकडा होता १,८०० फूट. त्याआधीच्या टप्प्यासाठी नकाशात ३,४०० फूट छापलेले होते. कॅप्टनच्या ते लक्षातही आलं, कॉकपिटमध्ये बोलणंही झालं. पण कंट्रोलरने अप्रोच दिला म्हणजे १,८०० पर्यंत उतरायला हरकत नाही, असा अर्थ काढला गेला. विमान राउंड हिलच्या अलीकडेच माउंट वेदरवर आदळलं, ९२ जण गेले.

थोडक्यात, प्रोफाइलचा पहिला आकडा प्रोफाइल सुरू होतं तिथूनच लागू. त्याआधी शेवटची दिलेली उंची सोडायची नाही. चार्टवर छापलेल्या टप्प्यात शिरल्यावर त्या टप्प्याची किमान उंची लागू होते.

स्टेपडाउन: डीएमईबद्दल: नाही, चालत नाही. डीएमईचं यंत्र कुठे बसवलंय ते आधी बघा. ग्वाम बेटावर ते व्हीओआरसोबत (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रासोबत) निमित्झ टेकडीवर होतं, धावपट्टीच्या ३.३ मैल अलीकडे. म्हणजे अंतर शून्यापर्यंत उतरतं आणि मग पुन्हा वाढायला लागतं.

हिशोब करा. ३ अंशांच्या उतारात मैलाला साधारण ३१८ फूट. डीएमई ४ ला धावपट्टी ७.३ मैलांवर, म्हणजे तिच्यापेक्षा सुमारे २,३०० फूट उंच असायला हवं. तीच ४ मैलांवर समजलात तर १,३०० फुटांवर याल. हजार फूट गेले!

कोरियन एअर ८०१ (६ ऑगस्ट १९९७) तिथेच पडलं, २२८ मृत्यू. ग्लाइडस्लोप (उतरणीचा कोन दाखवणारा सिग्नल) बंद होता. पायऱ्या अशा: डीएमई १.६ पर्यंत २,००० फूट, तिथून व्हीओआरपर्यंत १,४४०, व्हीओआर ओलांडल्यावरच ५६०. विमान प्रत्येक पायरी वेळेआधी सोडत गेलं. एकट्या डीएमईवर खापर फोडू नका. थकवा होता, पाऊस होता, ब्रीफिंग (अप्रोचआधीची उजळणी) तोकडं होतं.

जुना_अल्टिमीटर: म्हणूनच ब्रीफिंगमध्ये नुसती उंची वाचणं मला अर्धवट वाटतं. ‘कुठून कुठपर्यंत’ हे सोबत हवंच: ‘व्हीओआरपर्यंत १,४४०, नंतर ५६०’. विमान उडवत नसलेल्या वैमानिकाने प्रत्येक फिक्सआधी पुढचं अंतर आणि उंची मोठ्याने सांगायची. आकडा जुळत नसेल तर उतरणं थांबवायचं, चर्चा नंतर.

एफएमएस_वाला: एक भर. काली, कोलंबिया, २० डिसेंबर १९९५, अमेरिकन ९६५. चार्टवर रोझो बीकनची (रेडिओ केंद्राची) खूण ‘आर’. एफएमएसमध्ये (विमानाचा मार्ग आखणाऱ्या संगणकात) ‘आर’ टाकल्यावर यादीत वर आला बोगोटाजवळचा रोमिओ बीकन. रोझोसाठी पूर्ण नाव टाकावं लागत होतं. विमान डावीकडे, पूर्वेला वळलं आणि पुढे डोंगरावर आदळलं. १५९ मृत्यू. एक्झिक्यूट (नवा मार्ग पक्का करणारं बटण) दाबण्याआधी दिशा आणि अंतर चार्टशी ताडा, दोघांनीही. वीसेक मैलांवरचं ठिकाण शंभरावर दिसलं तर बोट मागे घ्या.

सीपीएल_विद्यार्थी: म्हणजे ग्वामच्या चार्टवर डीएमई ० ला १,४४० फूट, आणि धावपट्टी अजून ३.३ मैल पुढे. बरोबर?

स्टेपडाउन: बरोबर. आणि त्या ३.३ मैलांत डीएमई वाढताना दिसेल.