सुटली, सोडली की खाडा पडला?

प्रश्न (समुपदेशक, वर्धा जिल्हा)
बिडी सोडून आठ-पंधरा दिवस झालेली माणसं रोज माझ्यासमोर बसतात. प्रशिक्षणात शिकवलं होतं की मधेच एखादी बिडी ओढली तर तो ‘लॅप्स’, आणि पुन्हा रोजचं बंडल सुरू झालं तर ‘रिलॅप्स’. दोन्हींत फार अंतर आहे. आमच्या मराठी पत्रकात मात्र दोन्हींना ‘पुनरावृत्ती’च छापलंय. परवा एक सालदार काका आले. बारा दिवस बिडीला हात लावला नव्हता, मग कोणाच्या तरी तेरवीत एक ओढली. म्हणाले, “सुटली नाही ना मॅडम, आता काय ठेवलं त्यात!” लोकांच्या तोंडी या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे शब्द आहेत का?

निवृत्त मास्तर, दर्यापूर
ताई, घोळ त्या ‘सुटली’ या क्रियापदातच आहे. नोकरी सोडली आणि नोकरी सुटली, दोन्ही सारखं का? ‘सोडली’त माणूस कर्ता आहे, ‘सुटली’त तो नुसता फलाटावर उभा. एसटी एकदा सुटली की सुटली, तशी बिडीही सुटायला हवी असं ते धरून चालतात. म्हणून एक ओढली की अख्खं वाक्यच खोटं पडतं. तुम्ही “सुटली का?” विचारू नका, “सोडून किती दिवस झाले?” विचारा. सोडलेलं पुन्हा सोडता येतं.
(बिडी सुटली अन् पोट सुटलं, हा आमच्या पारावरचा जुना विनोद.)

प्रश्नकर्ती
मास्तर, विनोद खरा आहे. सोडल्यावर बऱ्याच जणांचं वजन काही किलो वाढतं, तोंडाला सारखं काहीतरी लागतं. फुटाणे ठेवा म्हणते मी.

पऱ्हाटीवाला, यवतमाळ
आमच्याकडं शब्द हाय ना बाप्पा! सरकी टोबली, काही ठिकाणी निघाली नाही, तर थो ‘खाडा’. मंग आपण खाडे भरतो. पावसानं दगा दिला अन् सारं वावरच गेलं, तवा पीक मोडा लागते, दुबार पेरणी करा लागते. दोन खाडे पाहून वावर मोडणाऱ्याले लोक येडा म्हणतील. तेरवीतली एक बिडी म्हणजे खाडा. बंडल सुरू झालं म्हणजे दुबार.

एक वाचक, अमरावती
उपमा छान, पण जपून. मजुराच्या तोंडी खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दिवस. ‘बिडीचा खाडा’ म्हटलं तर त्या दिवशी बिडी ओढलीच नाही असा उलटा अर्थ निघेल! ‘नेमात खाडा पडला’ असं पूर्ण म्हणावं. एकादशी चुकली म्हणून कोणी माळ काढून ठेवत नाही.

पऱ्हाटीवाला
हे पटलं.

नर्सबाई, भंडारा
मला ‘तलब’ शब्दाचाच राग आहे. मूळ अरबी, अर्थ मागणी. हिंदीत कोर्ट माणसाला तलब करतं, म्हणजे हजर व्हावंच लागतं. पेशंटही तसंच बोलतात, ‘तलब आली, द्यावीच लागते.’ मी मुद्दाम ‘उबळ’ म्हणते. खोकल्याची उबळ येते आणि जाते, तिला कोणी काही देणं लागत नाही. बिडीचीही तशीच, बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचा, पानठेल्यासमोरून उठून दुसरीकडे जायचं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड असतात, मग साधारण दोन ते चार आठवड्यांत जोर कमी होतो. हे आकडे आधी सांगितले की माणूस घाबरत नाही. आणि घरच्यांनाही सांगा, की तो कावतो तो तुमच्यावर नाही, तंबाखूतलं निकोटीन तुटल्यामुळे कावतो.

मास्तर
‘व्यसन’ या शब्दाचा जुना अर्थही संकट. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तलं आठवं अधिकरण व्यसनांचं आहे, त्यात राज्यावरची संकटंही आहेत आणि राजाचे नादही. तरी पेशंटला ‘व्यसनी’ म्हणू नये, तो उठून जाईल.

वाचक, अमरावती
‘सोडणे’ची जोडी ‘धरणे’शी, हे विसरू नका. बिडी सोडली, खर्रा धरला, असे आमच्या गल्लीत चार निघतील. सुपारी-चुन्यासोबत पन्नीत घोटलेला तंबाखूच तो, निकोटीन तेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे शंभर प्रौढांत चारही नव्हते, खाणारे मात्र चोवीस. तेव्हा ‘बिडी सोडली का?’ या प्रश्नाला ‘हो’ आलं तरी खिशातली पुडी विचारावी.

नर्सबाई
बिडी सोडायला देतात त्या निकोटीनच्या च्युइंगमचाही असाच शब्दाचा घोळ. ‘चघळा’ म्हटलं की लोक खर्र्यासारखं चावत बसतात, मग उचकी लागते, पोटात जळजळ होते. ‘थोडं चावा, मग गालात दाबून ठेवा’ म्हटलं की लगेच कळतं. ‘दाबणं’ त्यांना तंबाखूमुळं ठाऊकच आहे.

प्रश्नकर्ती
काल ते काका परत आले. ‘नेमात खाडा पडला, वावर मोडू नका’ असं म्हटल्यावर हसले. मग त्यांनीच विचारलं, “मंग आता दिवस पयल्यापासून मोजू, का तेराव्यापासून पुढं?” याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

पऱ्हाटीवाला
खाडे भरलेल्या वावराले कोणी नवीन वावर म्हणत नाही ताई. पुढं मोजा म्हणा.