मोठा कॅमेरा दिसला की लोक का बिचकतात? दोष लेन्सचा की ती धरणाऱ्याचा?

चौकट३५

फुटपाथवर पन्नास जण मोबाइल वर करून शूट करत असतात, कोणी ढुंकून बघत नाही. तिथेच कोणी पांढरी ७०-२०० मिमीची मोठी लेन्स बाहेर काढली की चौकशी सुरू. कुठल्या चॅनेलचे? कशाला काढताय? परवानगी आहे का? यावर आपल्या फोटोग्राफर मंडळींचं ठरलेलं रडगाणं असतं: लोकांना कळत नाही, आता मोबाइललाही ५एक्स टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) असते, १२० मिमीपर्यंत जाते, मग राग फक्त आमच्यावरच का?

मला वाटतं लोकांना बरोबर कळतं. ते कॅमेऱ्याला नाही, अंतराला बिचकतात.

हिशेब करा. फुल फ्रेमच्या (३६×२४ मिमी सेन्सरच्या) आडव्या चौकटीत माणूस कमरेपासून वर घ्यायचा, म्हणजे साधारण ९० सेंमी उंची. ३५ मिमीला त्यासाठी सव्वा-दीड मीटरवर उभं राहावं लागतं. २०० मिमीला साडेसात मीटर. सव्वा मीटरवर समोरच्याला तुमचा चेहरा दिसतो, हाताने नुसतं ‘नको’ केलं तरी काम होतं. साडेसात मीटरवरून त्याला फक्त आपल्यावर रोखलेलं नळकांडं दिसतं. नको म्हणायला त्याला गर्दी कापत यावं लागतं, आणि इतकं चालून आलेला माणूस गोड बोलायला आलेला नसतो.

दुसरं, प्रत्येकाला त्या लेन्समागे वेगळा माणूस दिसतो. फेरीवाल्याला पालिकेचं अतिक्रमण पथक, वस्तीत सर्व्हेवाला, वॉचमनला रेकी करणारा, कॉलेजच्या मुलीला कुठलं तरी इन्स्टाग्राम पेज. यांतली एकही भीती हवेतली नाही. फेरीवाल्याच्या गाडीचा फोटो खरोखरच कारवाईच्या कागदात लागतो. त्यामुळे ‘घाबरू नका हो’ म्हणून भागत नाही. कोण आहात, फोटो कुठे जाणार, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘छंद म्हणून’ हे उत्तर सर्वांत कुचकामी, कारण दीड किलोची लेन्स गळ्यात घालून कोणी छंद करतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

म्हणून बाजारात, गल्लीत, वस्तीत टेली नकोच. २८ किंवा ३५ची एक प्राइम (झूम नसलेली लेन्स) बास. २८ मिमी, लेन्सचं छिद्र एफ/८वर, फोकस हाताने ३.३ मीटरवर लावून ठेवला की १.६ मीटरपासून पुढे सगळं चालण्याइतकं धारदार येतं. फोकस पकडायची वाट बघत कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळायला नको, कारण ते ताटकळणंच लोकांच्या डोळ्यांवर येतं. फोकस असिस्टचा दिवा मेन्यूत जाऊन बंद करा. अंधारात चेहऱ्यावर तो नारिंगी किंवा हिरवा उजेड पडला की निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. बीपही बंद. आणि फोटो झाल्यावर कॅमेरा खाली करून त्या माणसाकडे बघा. दुकानाच्या पाटीचा फोटो काढत होतो असं नाटक करू नका. ते सगळ्यांना कळतं.

टेली_तात्या

पूर्ण उलटं मत. तुळशीबागेत सव्वा मीटरवर जाऊन कोणाच्या तोंडासमोर २८ मिमी धरणं हे सभ्यपणाचं आणि लांबून कोणाच्या मध्ये न येता काढणं हे चोरटेपणाचं? समोरचा बिचकला, हसला, पदर सावरला की तो क्षण गेला. लांब लेन्स त्यासाठीच असते.

वारीतलं बघा. बेलवाडीचं गोल रिंगण ३५ने काढायचं तर आत शिरावं लागेल. दरवर्षी तेच होतं: वाइडवाले (२८-३५ वापरणारे) हौशी लोक रिंगणाच्या कडेवरून इंच इंच आत सरकतात, अश्वाची वाट अरुंद होते, चोपदार ओरडून थकतात. २०० घेऊन मागे उभा राहिलेला माणूस कोणाला नडतो?

आणि तुमच्या त्या छोट्या फिक्स्ड लेन्सच्या कॅमेऱ्यांचं काय? लोक गप्प राहतात ते तुमच्या प्रामाणिक अंतरामुळे नाही. ती काळी डबी त्यांना जुना फिल्मचा डबडा कॅमेरा वाटते. रिको जीआर तर अडीचशे ग्रॅमचा, मुठीत मावतो. आवाज नाही, दिवा नाही, नजर दुसरीकडे, कमरेवरून शॉट. माझी दीड किलोची पांढरी लेन्स अख्ख्या चौकाला दिसते. लपून कोण काढतं, मी की तुम्ही?

किसकाढू

तो ३.३ मीटरचा आकडा फिल्मच्या काळातल्या हिशेबावर, म्हणजे ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका धारदार धरण्यावर, बेतलेला आहे. ४५ मेगापिक्सेलची फाइल शंभर टक्के मोठी करून बघाल तर १.६ मीटरवरचा चेहरा मऊ दिसणार. माणसंच काढायची असतील तर फोकस २.५ मीटरवर आणा: साधारण १.४ ते १० मीटर मिळतं, मागचं क्षितिज गेलं तर जाऊ दे. आणि ताडपत्रीखालच्या बोळात एफ/८ला शटर १/२५० सेकंद ठेवायचं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४००पर्यंत जातो, तेवढी तयारी ठेवा.

ताशा_कडकड

रिंगण आणि बाजार यांत वाद घालून झाला असेल तर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर या. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकांसमोर टेलीची रांग लागते आणि तिथे बिचकणं अंतरावरून ठरत नाही. चौकटीत काय कापून घेतलं आणि तो फोटो कुठे टाकला, यावरून ठरतं.

पथकातल्या मुलींना कॅमेऱ्याचं वावडं नाही. ढोल वर उचललाय, गुलाल उडतोय, ओळ एका ठेक्यात आहे, असे फोटो सगळ्यांना हवे असतात. चीड येते ती याची: पाणी प्यायला थांबलेली मुलगी, ढोलाचा पट्टा कमरेला आवळताना वाकलेली मुलगी, घामाने कुर्ता चिकटलेला, आणि चौकटीत ढोलही नाही, पथकाचा ध्वजही नाही. तो फोटो रात्री कुठल्या तरी ‘पुणेरी सौंदर्य’ छाप पेजवर, नाव-गाव माहीत नसताना, खाली दोनशे कमेंट. हा फोटो ३५नेही निघतो, तात्यांच्या २००नेही निघतो. २००ने जास्त सोपा निघतो एवढंच.

तेव्हा साधे नियम. वादन थांबलं की कॅमेरा खाली. एकटीचा क्लोजअप काढलात तर तो आधी तिला किंवा पथकाला पाठवा, मगच टाका. काढून टाका असा निरोप आला तर कारण विचारत बसू नका. दिवसभराचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून लिंक पथकाला दिली तर पुढच्या वर्षी तुम्हाला दोरीच्या आत घेतील.

टेली_तात्या

हे मान्य. पण हे माझ्या विरोधात नाही, घाणेरडं कापणाऱ्यांच्या विरोधात आहे.

जाता जाता पथक काढणाऱ्यांसाठी: आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका. ज्या सेन्सरचं वाचन सावकाश होतं त्यावर ढोलाचं टिपरू केळ्यासारखं वाकडं येतं. तसाही ढोलाच्या आवाजात तुमचं शटर कोणाला ऐकू जाणार आहे? मांडवात एलईडीच्या माळांखाली काळे पट्टे येतात तेही यामुळेच. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर, १/१०० किंवा १/५० सेकंद.

कलमकसाई

भावना झाल्या, आता कायदा. सार्वजनिक रस्त्यावर माणसांचे फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (जुनं ३५४-सी) स्त्रीच्या खासगी कृतीबद्दल आहे, म्हणजे जिथे आपल्याकडे कोणी बघत नाही असं तिने धरून चालणं साहजिक असतं तिथलं. नको म्हटल्यावरही वारंवार तिच्या मागे लागलात तर ७८ (पाठलाग) लागू शकतं. चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो ‘सार्वजनिक जागा आहे’ म्हणून काढणाऱ्यांनी ७७ नीट वाचावं. उघड्यावर आंघोळ करावी लागते याचा अर्थ बघायला परवानगी दिली असा होत नाही.

लष्करी आणि प्रतिबंधित जागांना १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, तिथे हुज्जत नको. मॉल, सोसायटी, मंदिर ट्रस्ट यांच्या जागेत त्यांचा नियम चालतो. वॉचमन तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो. कॅमेरा हिसकावणं किंवा कार्ड काढून घेणं हा त्याचा अधिकार नाही. पोलिसांना गुन्ह्याच्या संशयावरून वस्तू जप्त करता येते, पण रीतसर, नोंद करून.

२०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हा ‘रस्त्यावर आलात म्हणजे हक्क संपला’ हे फोटोग्राफरांचं लाडकं वाक्य आता जपून वापरा.

खवचट_बाळू

हिसकावत नाहीत हो, ‘डिलीट करा’ म्हणतात. आणि आपले कलावंत हसत हसत डिलीट करतात, घरी येऊन रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवतात. डिलीट म्हणजे यादीतून नाव खोडणं, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो कार्डावर शाबूत असतो. दोन कार्डं बसणाऱ्या कॅमेऱ्यात बॅकअप लावलेला असेल तर बऱ्याचदा रिकव्हरीचेही कष्ट नाहीत, दुसऱ्या कार्डावर प्रत बसलेली असते. अंतर, प्रामाणिकपणा यावर निबंध लिहिणाऱ्यांनी यावर बोलावं.

चौकट३५

बोलतो. नको म्हटल्यावर डिलीट करायचं ठरवलंत तर दोन्ही कार्डांवरून करा आणि त्या माणसाला स्क्रीनवर दाखवा. पुढचे फोटो त्याच कार्डावर काढा. रिकव्हरी करायची असेल तर समोर डिलीटचं नाटक करू नका, सरळ ‘नाही करणार’ म्हणा आणि होणाऱ्या वादाला तोंड द्या. दोन्ही भूमिका घेता येतात, एकत्र घेता येत नाहीत.

तात्या, रिंगणाचं मान्य. मी बाजार आणि वस्ती असं स्पष्ट लिहिलं होतं. कमरेवरून, नजर दुसरीकडे ठेवून काढणं मलाही पटत नाही. छोटा कॅमेरा डोळ्याला लावूनच काढावा.

ओव्हरकोट

जर्मनीतला कायदा इथे सांगण्यासारखा आहे. १९०७पासून तिथे माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. अपवाद आहेत: दृश्यात माणूस केवळ ओघाने आलेला असेल, सभा-मिरवणूक असेल, कलेचं उच्च प्रयोजन असेल. बर्लिनच्या एका रस्त्यावरच्या फोटोत आलेल्या बाईंनी फोटोग्राफरवर दावा केला होता, कारण तो फोटो रहदारीच्या रस्त्यावर मोठा करून लावला होता. २०१८मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की स्ट्रीट फोटोग्राफी ही कलाच आहे, पण त्या प्रकरणात बाईंची बाजू कायम राहिली. म्हणजे भांडण प्रदर्शनाच्या जागेवरून होतं. ताशा_कडकड म्हणतात ते हेच.

टेली_तात्या

असा कायदा इथे आणलात तर फक्त कबुतरं आणि इमारती उरतील. छायाचित्रकार रघुवीर सिंग यांची मुंबई, रघु राय यांची दिल्ली, संमतीचे फॉर्म भरून घेत बसले असते तर झाली असती का?

चौकट३५

रघुवीर सिंग यांचं नाव तुम्ही घेतलंत हे बरं झालं. त्यांच्या चौकटी जवळून, गर्दीत शिरून काढलेल्या आहेत. २००ची कोनाड्यातून मारलेली नाहीत.

निळी_वेळ

सगळे लेन्सवर भांडताय, खरा शत्रू ट्रायपॉड. हातात कॅमेरा असेल तर तुम्ही पर्यटक. तीन पाय उघडले की ‘शूटिंग’. मग सुरक्षारक्षक, हवालदार, उद्यानाचा माळी, सगळ्यांना परवानगीचं पत्र हवं असतं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत साधे फोटो काढता येतात, पण ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅश तर नाहीच. बागांमध्ये ‘प्रोफेशनल कॅमेऱ्यास मनाई’ अशा पाट्या लागल्या त्या प्री-वेडिंगवाल्यांच्या कृपेने: रिफ्लेक्टर, धुराच्या नळ्या, झुडपाआड कपडे बदलणं. त्याची शिक्षा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला.

उपाय: कठड्यावर बीनबॅग किंवा गुंडाळलेला टॉवेल, त्यावर कॅमेरा, २ सेकंदांचा टायमर. सेन्सर स्थिर करणारी यंत्रणा असेल तर २४ मिमीला अर्धा सेकंद हातातही निघतो, पाच काढा, एक मिळतो. रक्षक आला तर आधी सामान आवरायला लागा, मग बोला. उभ्या ट्रायपॉडमागून घातलेला वाद कोणी जिंकत नाही.

टेली_तात्या

@ताशा_कडकड, पथकाला आधी विचारा हे ठीक, पण मिरवणुकीत विचारायचं कोणाला? तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

ताशा_कडकड

मिरवणुकीत विचारूच नका. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात संध्याकाळी सराव चालू असतो, तेव्हा या. शिट्टीवाल्याला नाही, पथकप्रमुखाला भेटा, मागच्या वर्षीचे चार फोटो मोबाइलवर दाखवा, तुमचा नंबर पथकाच्या ग्रुपवर टाकायला सांगा. सरावाच्या दिवशी २०० पिशवीतच राहू दे.